आबांनी रुमाल झटकला तो बाजार

आमचे आबा दलाल होते.
हो, दलालच. कापसाचे.

आज माझ्या या आजोबांची पुण्यतिथी. त्यांचा एकही फोटो नाही, म्हणून त्यांच्या रुमालाचा टाकतोय. रंग पार उडालाय, पण मला अजून त्याला फुटलेल्या बोंडांचा वास येतो. म्हातारपणी नाकसुद्धा कविता करतं.

निजामाच्या अमलात वडवणीच्या बाजारात कापसाचा भाव कुणी बोलत नसे. दलाल आणि व्यापारी समोरासमोर बसायचे, हातांवर रुमाल टाकायचे आणि खाली बोटं दाबून सौदा करायचे.
ज्याचा कापूस, तो बाजूला उभा. त्याला दिसायची फक्त रुमालाची हालचाल. शेवटी सांगतील तो भाव.

त्या रुमालावर आमचं घर चालायचं.

मग लांबच्या रेल्वे स्टेशनात तारेनं मुंबईचा भाव यायला लागला. माल पोचवून परतणारे गाडीवान तो गावोगाव सांगत यायचे.
 रुमालाकडं बघायची शेतकऱ्यांची नजर बदलली. आबांची जुनी माणसं गुपचूप दुसऱ्या दलालाच्या झाडाखाली गाड्या सोडू लागली.

आबा घरी म्हणाले, "तारंनं सांगून टाकल्यावर आपुन काय झाकायचं?"

पुढच्या बाजारी त्यांनी रुमाल झटकून खांद्यावर टाकला. म्हणाले, आजपासून भाव तोंडानं.

व्यापारी उठूनच गेले. एकजण जाता जाता म्हणाला, "बोटं आखडली का बे तुजी?"

गंमत म्हणजे शेतकरीही बिचकले. ओरडून विकतात तो खराब माल, ही पक्की समजूत. शिवाय उघड्यावर भाव बोलला की दृष्ट लागते. एकेकानं बैल जुंपले.

उरले दोघं. एक सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याचा परगावचा खरेदीदार, ज्याला आमची बोटांची भाषा येतच नव्हती. दुसरे दिंद्रुडचे रामभाऊ, आपल्या गाडीला टेकून.

खरेदीदारानं भाव सांगितला. आबांनी वाढवून मागितला. तो थोडा चढला. आबांनी ठरलेला भाव मोठ्यानं पुकारला.

रामभाऊ म्हणाले, "आबा, पुन्ना म्हना."

आबांनी पुन्हा पुकारला.

"अजून एकदा म्हना. लई वरसं कापूस पिकवला. त्येचा भाव ठरताना आज पयल्यांदा माज्या कानानं ऐकतोय."

हे सांगताना आबांचा आवाज दर वेळी ओला व्हायचा.

पुढच्या बाजारी रामभाऊंच्या मागं दिंद्रुडच्या गाड्यांची रांग होती. आमची चूल टिकली. त्याच चुलीवरची भाकरी खाऊन मी शाळेत गेलो, कविता पाठ केल्या. आता नातू मोबाईलवर बाजारभाव बघतो, तेव्हा मला "पुन्ना म्हना" ऐकू येतं.

शेवटी आबांची वाचा गेली.
मी उशाशी होतो. त्यांनी चादरीखाली माझा हात धरला आणि बोटं दाबली. आधी एक. मग दोन. मग सगळा पंजा.

मला ती भाषा येत नव्हती. रुमाल सोडल्यावर त्यांनी ती कुणालाच शिकवली नव्हती.

म्हणालो, "आबा, न्हाई कळलं."

ते हसले. पंजा सोडला नाही.

आबा, चादरीखालचं तुमचं बोलणं तसंच राहिलं. मी मात्र झाकून ठेवत नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतो.

तुमचे लई उपकार हायत.

पुन्ना म्हनतो.
लई उपकार हायत.