चाफ्याची पुडी

अख्ख्या डिचोली तालुक्यात मला सापडणार नाही असं एक घर नाही. त्या दिवशी लाटंबार्शात मयतीचं घर शोधत शोधत मी सत्यनारायणाच्या पूजेत शिरलो.

डिचोलीच्या बाजारात एका फुलांच्या दुकानात मी कामाला आहे. स्कूटर घेऊन घरोघरी फुलं पोचवायची. कामाला लागलो तेव्हा पात्रावनं, म्हणजे मालकानं, विचारलं होतं, "वाचता येतं मरे?" मी म्हटलं, "येतं म्हणजे काय!" शाळा मी पाहिलीय, नाही असं नाही. पण ती कौलं शाकारायला वर चढलो होतो तेव्हा. तर पात्राव पत्ता मोठ्यानं वाचायचा, तो मी डोक्यात ठेवायचो आणि चिठ्ठी ऐटीत खिशात घालायचो. बरीच वर्षं खपून गेलं.

त्या सकाळी बोटीवरून फोन आला. लाटंबार्शाचा एक मुलगा, बोटीवर खलाशी. त्याचा बाप पहाटे गेला होता आणि बोट भर समुद्रात. अग्नी पुतण्या देणार होता. मुलाचं म्हणणं एवढंच, की बाप रोज आंघोळ करून देवाला चाफा वाहायचा आणि एक स्वतःच्या कानावर ठेवायचा. तर चाफा पाठवा, उचलायच्या आधी पोचू दे. आईनं सांगितलं होतं, लेकाची फुलं आल्याशिवाय ती उचलू देणार नाही.

पात्रावनं कुठून कुठून सोनचाफा जमवला, केळीच्या पानात बांधला, वर पाणी शिंपडलं. मग पत्ता वाचला. त्याच वेळी मी काय करत होतो? नवऱ्यामुलाचा मामा हारासाठी कसा घासाघीस करतो, त्याची नक्कल. हार ओवणाऱ्या बायका हसत होत्या. मला गाव ऐकू आलं, गावातला वाडा कुठला ते ऐकू आलं नाही. परत विचारलं असतं तर पात्राव म्हणाला असता, चिठ्ठी आहे ना हातात. म्हणून निघालो.

मे महिन्याचं ऊन. लाटंबार्से म्हणजे काय एक गल्ली नव्हे. इकडे चार घरं, मग काजूची बागायत, मग तिकडे चार घरं. रडणं ऐकू येईल, माणसं दिसतील, या हिशोबानं मी फिरत राहिलो. वाटेत दोघं तिघं भेटले. चिठ्ठी दाखवली असती तर काम झालं असतं. पण त्यातला एक दुकानात येणारा होता, उद्या बाजारभर बोंब झाली असती.

फोन वाजला. "पोचलास रे?"

"पोचलोच, पात्राव."

पात्रावनं बोटीवर कळवलं, पोचली म्हणून. मुलानं आईला कळवलं, आणि फुलं दारात आलीच म्हणून तिनं मयत अंगणात आणायला लावलं. हे मला मागाहून समजलं.

शेवटी एका अंगणात मंडप दिसला, दारात चपलांचा ढीग. मी हेल्मेट काढलं, चेहरा पाडला आणि दारातल्या बाईला हळूच विचारलं, "बाय, मयत कुठे ठेवलंय?"

तिच्या हातात प्रसादाच्या शिऱ्याची परात होती. ती पडायची तेवढी राहिली. आतून एक जण धावत आला. "काय रे, पिऊन आलास?"

तेव्हा कुठे मी चिठ्ठी काढली. एका म्हाताऱ्यानं चष्मा लावून वाचली. "अरे, हा वाडा ओढ्यापलीकडे. स्वच्छ लिहिलंय की!"

"अक्षर जरा बारीक," मी म्हटलं.

ओढ्यापलीकडे पोचलो तेव्हा मयत तिरडीवर बांधून अंगणात उन्हात ठेवलेलं. माणसं सावलीला भिंतीला टेकून उभी. पायरीवर त्या मुलाची आई बसली होती, डोळे रस्त्यावर. मला बघून तीच उठली. पुडी घेतली, पान सोडलं. चाफ्याची टोकं काळी पडायला लागली होती. तिनं निवडून निवडून एक चांगलं फूल काढलं आणि नवऱ्याच्या कानावर ठेवलं. ते घसरलं. परत ठेवलं, बोटानं दाबून धरलं थोडा वेळ. बाकीची छातीवर पसरली. मग पुतण्याला म्हणाली, "उचला."

मी कोपऱ्यात गप्प उभं राहायला हवं होतं. पण मला गप्प राहता येत नाही. सगळे गेल्यावर मी तिच्यासमोर जाऊन चिठ्ठी पुढे केली. "काकी, पत्ता असा लिहिलाय बघा, कोणालाही कळला नसता..."

तिनं चिठ्ठीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"उलटी धरलीयस ती. वाचता येत नाही, तर विचारायचं होतं. माझ्या माणसाला दोन तास उन्हात ठेवलंस."