तीस नंबरचा रूट

आमच्या प्रशिक्षण केंद्राची लॅब ताई आणि तिचा दादा मिळून चालवायचे. एकच टेबल, एकच कीबोर्ड. दादा वारला आणि लॅब ताईकडे आली, पण तात्पुरती. संचालकांनी गोड शब्दांत सांगून टाकलं, "नेटवर्किंगच्या प्रमाणपत्राची प्रॅक्टिकल पास व्हा, नाहीतर मला बाहेरचा माणूस बघावा लागेल."

प्रॅक्टिकल म्हणजे खरं तर तिच्या डाव्या हातचा मळ. संगणकांना जोडणारे डबे, म्हणजे स्विच, एकमेकांना गोल जोडायचे; मग एक तार तुटली तरी काम अडत नाही. पण त्या गोलात संदेश फिरतच राहिले तर नेटवर्क गुदमरतं. म्हणून स्विच आपल्यातला एक प्रमुख निवडतात, रूट, आणि त्याच्या हिशोबाने एक वाट बंद ठेवतात. त्याच तारांवरून वेगवेगळे गट चालतात, व्हीलॅन दहा, वीस, तीस. प्रत्येकाचा रूट आपण ठरवायचा. नाही ठरवला तर ज्याचा कारखान्यातून आलेला पत्ता सगळ्यात लहान, तो गादीवर बसतो. बहुधा सगळ्यात जुना.

आमच्याकडे सगळ्यात जुना स्विच दादाचा. भंगारातून उचलून त्यानेच जिवंत केलेला.

ताईच्या सरावात दहा आणि वीस बरोबर जायचे. तीसचा रूट मात्र दरवेळी दादाचा स्विच.

"दादा सोडत नाही बघ," ती सुरुवातीला हसून म्हणायची. मग हसणं थांबलं. तीसची आज्ञा टाइप केल्याचं तिला स्वच्छ आठवायचं. तपासायला गेलं की ओळच नसायची. त्या स्विचचा पंखा घरघरला की ती "हो, हो" म्हणायची आणि मग खोलीत कोण आहे ते बघायची.

दादाची बायको, वहिनी, बाहेर काउंटर सांभाळते. एका दुपारी ती ताईचा सराव बघत बसली.

"वन्सं, मला यातलं ओ की ठो कळत नाही. पण वीस झाल्यावर तुम्ही कीबोर्ड कुणाकडे सरकवता?"

ताईने पाहिलं. कीबोर्ड टेबलाच्या डाव्या टोकाला होता, दादाच्या खुर्चीसमोर. दादा असताना दहा आणि वीस ती करायची, तीस तो. कायम तसंच चाललेलं.

"खुर्ची हलवू का?" वहिनीने विचारलं.

"नको. हलवली तरी हात जाईलच."

परीक्षा आमच्याच लॅबमध्ये झाली. वीस संपल्यावर कीबोर्ड डावीकडे घसरला. परीक्षकाने मान वर केली. ताईने तो दोन्ही हातांनी ओढून घेतला आणि तीसची ओळ स्वतः टाइप केली.

"आता जुन्या स्विचवर जाऊन दाखवा," परीक्षक म्हणाला.

आजवर तिथे तीससाठी एक ओळ यायची, रूट मीच आहे अशा अर्थाची. ताई एंटरवर बोट ठेवून बसून राहिली.

"बाई, काही अडलंय का?"

"नाही."

तिने एंटर दाबलं. ओळ आली नाही. परीक्षकाने कागदावर बरोबरची खूण केली आणि तो पुढच्या प्रश्नाकडे वळला. पंखा घरघरत होता. ताईने या वेळी "हो, हो" म्हटलं नाही.