चौकटीबाहेरचा भाऊ

बंदरावर तिला सगळे फोटोमावशी म्हणत. हमालांच्या आणि खलाशांच्या पासांसाठी लागणारे फोटो ती आपल्या कपाटाएवढ्या दुकानात काढी. पण तिचा जीव रमायचा तो सकाळी, दुकान उघडण्याआधी. कॅमेरा गळ्यात अडकवून ती धक्क्यावर फिरे. जाळी सांधणाऱ्या बायका, पिंपावर बसून दाढी करून घेणारे हमाल, मासळीच्या पाटीवरून जुंपलेली भांडणं, काही म्हणून सोडायची नाही. "मावशी, नाक जरा लहान काढा," असं कुणी म्हणालं, की तिचं उत्तर ठरलेलं, "दिलंय तेवढंच येणार. तक्रार वर कर."

तिचा थोरला भाऊ तिथेच जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवर इंजीन सांभाळायचा. गेल्या महिन्यात एका धुक्याच्या सकाळी धक्क्याच्या पायऱ्यांवरून तो घसरला. बोटीवरच्या दोघांनी पाहिलं. पाण्यानं मात्र त्याला परत दिलं नाही.

तेव्हापासून वहिनी दाराला कडी लावेना.

"वन्सं, मला त्यांचा एक फोटो द्या," ती म्हणाली. "भिंतीवर लावला की मनाला कळेल, माणूस गेलं. नाहीतर मी अशीच दाराकडे कान लावून म्हातारी होईन."

"लग्नातले आहेत की."

"तो काडीपैलवान कोण ओळखतंय? मला मिशी पिकलेला हवा. तुमच्याकडे काय, बावीस वर्षांचे ढीग पडलेत!"

ढीग होतेच. फोटोमावशीनं पेट्या उपसल्या, भिंग लावून तीन दिवस निगेटिव्ह पाहिल्या. भाऊ रोज तिच्या समोरून जायचा, आणि ती रोज ओरडायची, "दादा, बाजूला हो, मध्ये येतोयस!" घरच्या माणसाचा कसला फोटो काढायचा? तो काय पळून जातोय? आता कुठे त्याचं कोपर सापडलं, कुठे टोपीची कड, कुठे ओल्या दगडावर लांबलेली सावली. आख्खा भाऊ एकाही चौकटीत नव्हता. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

चौथ्या दिवशी तिनं कॅमेऱ्यातला रोल धुतला. मोरीच्या खिडकीला काळं कापड, वर लाल दिवा. पायऱ्यांचा फोटो छापायला घेतला. काढला तेव्हा तिथे चिटपाखरू नव्हतं, हे तिला पक्कं आठवत होतं. कागद द्रावणात हलवता हलवता आधी दोन काळे ठिपके उमटले. मग मिशी. मग खांदे.

दादा. कठड्याला टेकून, थेट तिच्याकडे बघत.

जुनाच रोल असेल, असं म्हणून तिनं मन आवरलं. मग नजर कठड्यावर गेली. पायऱ्यांना पूर्वी नुसता दोर होता. लोखंडी कठडा बसवला तो दादा गेल्यावर, दहाव्या दिवशी, त्याच्यामुळेच. तिनं कागद चिमट्यानं उलटा केला.

हे वहिनीनं पाहिलं, तर ती दारातून कधीच उठायची नाही. फोटोमावशीनं पुन्हा छपाई केली, नुसता चेहरा मोठा करून. कठडा कापला गेला. कठड्यासकटचा पहिला कागद तिनं चुलीत घातला.

वहिनीनं फोटो हातात घेतला आणि उजेडाकडे धरला.

"कधीचा?"

"मागल्या वर्षीचा."

"केस ओले दिसतात."

कठडा कापायच्या नादात केसांकडे फोटोमावशीचं लक्षच गेलं नव्हतं. "आंघोळ करून निघाला असेल."

"त्यांचा सर्दीचा कोठा. केस सुकल्याशिवाय उंबरा ओलांडायचे नाहीत." वहिनीनं एकदा तिच्या डोळ्यांत पाहिलं. "हं," म्हणाली, आणि खिळा शोधायला उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोटोमावशी आली, तर दाराला आतून कडी. महिन्यात पहिल्यांदा तिला हाक मारावी लागली. वहिनीनं दार उघडलं. डोळे सुजलेले, पण रात्रभर झोपलेल्या माणसाचे. भिंतीवर दादा लागला होता. वहिनीनं कपाटातून त्याचा जाड टॉवेल काढला, चार घड्या नीट केल्या आणि नणंदेच्या हातात दिला.

"धक्क्यावर निघालात ना? एवढा खालच्या पायरीवर ठेवा."

"वहिनी, अगं..."

"मी तुम्हाला काही विचारलं का? मग तुम्हीही मला विचारू नका."