मोटारी काढल्या का?

"मोटारी काढल्या का?" पावसाळ्यात फोन उचलला की बाईंचा हाच पहिला प्रश्न. नमस्कार नंतर.

बाई कराडला इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवायच्या. माहेर सांगलीच्या वाटेवर, कृष्णाकाठी. नदी चढली की काठावरच्या पंपांच्या मोटारी दोरानं वर ओढायच्या, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. मी धरणावर होतो. काठच्या गावांना पाण्याची खबर देणं माझ्याकडे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी कॉम्प्युटरला जुन्या पावसाचे नि पुराचे आकडे शिकवायला घेतले. उद्या धरणात किती पाणी येईल, ते तो सांगणार. आधी कळलं तर पाणी टर्बाइनमधून सोडून वीज करता येते, एकदम दारं उघडावी लागत नाहीत. मी म्हणालो, आमच्याकडे अनुभवी माणसं आहेत.

"पाऊस आता जुन्या माणसांचं ऐकत न्हाई, साहेब. दर वर्षी नव्यानं शिकणारं कुणीतरी पायजे."

पहिल्याच वर्षी तो चुकला. मी गावांना कळवलं, लोकांनी दिवसभर चिखलात मोटारी ओढल्या आणि लख्ख ऊन पडलं. बाईंच्या कॉम्प्युटरच्या डब्यानं कंबर मोडली, असं पारावर चाललं. बाईही हसल्या. "पोरगं शिकतंय. एका चुकीवर नापास करू नका."

मी केलंच. पुढच्या श्रावणात त्यांचा फोन आला, उद्या मोठं पाणी. धरणात जागा दिसत होती, आणि पुन्हा हसं करून घ्यायची माझी तयारी नव्हती. बरं म्हणालो, फोन ठेवला, कुणालाही कळवलं नाही. हे आज तुम्हा सगळ्यांसमोर पहिल्यांदा सांगतोय.

माझं ते 'बरं' बाईंनी ओळखलं असावं. त्या तडक एसटीनं गावी गेल्या. पुढचं त्यांच्या भावानं मला नंतर सांगितलं.

"आक्के, यंदा बी कंबर मोडतीस व्हय?"

"मोडू दे. मोटार बुडाली तर उन्हाळ्यात उसाला काय पाजशील रं?" असं म्हणत बाईंनी पदर खोचून दोराला हात घातला. मग लाजेनं सगळं गाव काठावर उतरलं.

दुसऱ्या दिवशी दारं उघडावी लागली. काठ बुडाला. फोन वाजला तेव्हा मी माफीचे शब्द जुळवत होतो.

"मोटारी निघाल्या. आता आकडे पाठवा, हे पाणी त्याला शिकवायचंय." एवढंच.

त्यानंतर तो चुको की बरोबर येवो, मी खबर अडवली नाही. चुकणं दर वर्षी कमी होत गेलं, ते तुमच्यापैकी काठावरच्यांनी पाहिलंच आहे.

आता बाई नाहीत. अंदाज हातात आला की पहिला फोन त्यांच्याच गावी लावतो. भाऊ उचलतो. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणतो, "काढल्यात, साहेब. सकाळीच."