वरच्या कोनाड्यातला दिवा

आमच्या घरात दारू हा शब्दसुद्धा कुणी तोंडातून काढायचं नाही, आणि त्या वर्षी अप्पांनी तळघरात तिची चार पिंपं लावली. "वाईन म्हणायचं," असं ते सगळ्यांना बजावायचे. त्यावर अव्वा म्हणायची, "गाढवाला घोडा म्हटलं म्हणून काय घोडा हुतंय व्हय ते?" अप्पा म्हणजे माझे वडील आणि अव्वा म्हणजे आई. गडहिंग्लजच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं आमचं गाव. आम्ही लिंगायत, घरातल्या सगळ्यांच्या गळ्यात लिंग. आमच्यात दारू पिणाऱ्याला सोयरीकसुद्धा मिळत नाही.

अप्पांनी एक एकर ऊस काढून काळी द्राक्षं लावली होती. बारीक मणी, जाड साल, आत बिया. खायला आंबट. गावानं हसून घेतलं. अप्पा परवान्यासाठी कोल्हापूरला हेलपाटे घालत राहिले. मी तेव्हा कोल्हापुरातच बी.एस्सी. करत होते, केमिस्ट्री घेऊन. तोडणीला म्हणून कॉलेज बुडवून एस.टी.नं घरी आले. मला तरी त्या वाईनचं भारी कौतुक. आमच्या घरात पहिल्यांदाच माझ्या पुस्तकातलं काहीतरी घडणार होतं!

तोडणी दोन दिवस चालली. घड कात्रीनं कापायचे, क्रेटमध्ये हलक्या हातानं ठेवायचे. सांगलीकडचा एक पाव्हणा शिकवायला आला होता. तो म्हणाला, द्राक्षं पायानं तुडवा. बाया कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "अन्नावर पाय? आमी न्हाय जा!" शेवटी सगळं घमेल्यांत घालून हातानं कुस्करलं आणि पिंपांत भरलं. आठवडाभर आमचे हात कोपरापर्यंत जांभळे होते आणि अव्वा त्या हातांनी देवाला शिवायची नाही.

तळघर म्हणजे जमिनीत सहा पायऱ्या उतरून एक थंडगार खोली, वरती एवढासा झरोका. ती आज्जांची, माझ्या आजोबांची जागा. उन्हाळ्यात ते तिथं जमिनीवर बसून लिंगपूजा करायचे. याच आज्जांनी ओढ्याकाठची हातभट्टी काठीनं फोडली होती. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती, आणि अव्वा रोज आंघोळ झाली की त्यांच्या बसायच्या जागी, जमिनीवर, तेलाचा दिवा ठेवायची. सासऱ्यांवर तिचा फार जीव. बापाविना वाढलेली ती, "मामंजींनी मला लेक म्हणून वाढवली," असं सारखं सांगायची.

तिसऱ्या दिवशी पिंपं बोलायला लागली. दुसरा शब्द नाही मला. साली फुगून वर आल्या आणि खालून कुणीतरी तोंडातल्या तोंडात पुटपुटावं तसा आवाज सुरू झाला. दारात उभं राहिलं की वाटायचं, आत माणसं बसलीत आणि आपण आलो म्हणून हळू बोलतायत. आमची मांजर चौथ्या पायरीपर्यंत जायची, तिथं थबकायची आणि शेपूट फुगवून मागं फिरायची. जमिनीवर पाली उताण्या पडलेल्या असायच्या.

आणि अव्वाचा दिवा विझायला लागला.

तेल भरलेलं, वात नीट, वाऱ्याची झुळूक नाही. अव्वा दिवा खाली टेकवून वळायची, वर येईस्तोवर तो मिटलेला. तिनं तीनदा लावला, तीनदा गेला. वर आली ती पांढरीफटक पडून. "मामंजी फुंकत्यात," म्हणाली. "त्यांला हे नको हाय."

अप्पा चिडले. अव्वा चिडली नाही, तेच वाईट. शांतपणे म्हणाली, "सोमवारपतोर बघते. सोमवारी दिवा जळाला तर मी एक शबुद काढायची न्हाय. न्हाय जळाला तर पिंपं ओढ्यात वतायची. माज्या मामंजींच्या जागी हे न्हाय चालायचं." अप्पांना माहीत होतं, ती बोलली म्हणजे करणार. तीन वर्षं पोरासारखी जपलेली बाग त्या चार पिंपांत होती. अप्पा पायरीवर डोकं धरून बसले.

मला सगळं कळत होतं. द्राक्षं आंबताना कार्बन डायऑक्साइड निघतो, तो हवेपेक्षा जड, तळाशी साचतो, त्यात दिवा जळत नाही. मी हे अव्वाला सांगायला पाहिजे होतं. पण त्याच दिवशी माझ्या लग्नावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. "चार बुकं शिकली म्हणून लई शाणी झालीस," असं ती म्हणाली होती. म्हटलं, ठीक आहे, बघच आता शहाणपण. मी अप्पांच्या कानात गॅसचं सांगितलं, आणि अव्वाला जाऊन थाप मारली, "अगं, खाली दिवसभर ठेवलास तर उंदीर तेल पितील. भिंतीतल्या वरच्या कोनाड्यात ठेव की." कोनाडा डोक्याच्या उंचीवर होता. अप्पा सगळं ऐकत होते.

सोमवारी सकाळी अव्वानं दिवा कोनाड्यात ठेवला. त्या दिवशी मठाचे स्वामी गावात येणार होते, पालखी आमच्या दारावरून जाणार. पिंपांचा वास बाहेर आला तर काय तोंड दाखवायचं? म्हणून अप्पांनी तळघराचं दार लावलं, फटीत ओली पोती कोंबली, झरोकाही बुजवला. आमच्यासारख्या सोवळ्या घरानंच करावं असलं काम. मीही पोतं कोंबायला हात लावला.

पालखी पुढं गेली. दुपारचं टळटळीत ऊन होतं. अव्वानं पोती ओढून काढली, दार उघडलं.

दिवा जळत होता. सरळ, न हलता.

अव्वा एवढी मोठ्यानं हसली की मी दचकलेच. "अगं बघ की! जळतोय! मामंजींनी हो म्हटलं गं!" आणि लहान पोरीसारखी पायऱ्या उतरली. मी वरच्या पायरीवर होते. मनात आलं, कोंडलेला गॅस खाली साचला असणार, पण कोनाडा उंच आहे, ती उभ्यानंच हात जोडेल. खरं सांगते, हे मनात आलं आणि मी गप्प राहिले.

तिनं हात जोडले. मग खाली बसली आणि आज्जांच्या जागेवर कपाळ टेकवलं.

पिंपं पुटपुटत होती. वर दिवा जळत होता, त्याच्या उजेडात तिची पाठ दिसत होती. मी म्हटलं, "अव्वा, ऊठ." पाठ एकदा हलली, मग हललीच नाही.

मी बोंब ठोकली, श्वास धरला आणि खाली गेले. काखेत हात घालून ओढलं, ती पोत्यासारखी जड. अप्पा धावत आले. दोघांनी तिला अंगणात आणून टाकली. ओठ निळे पडलेले. कपाळाला मातीचा गोल ठिपका. बाया रडायला लागल्या. पाणी मारलं, वारा घातला. किती वेळ गेला देव जाणे. मग तिनं मोठा घुर्रकन श्वास घेतला.

डोळे उघडून पहिलं काय बोलली ते अजून कानात आहे. "मामंजींनी डोकं वर काढू दिलं न्हाय. दाबून धरलं मला. वर दिवा दावला आन् खाली दाबून धरलं."

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं. गॅसचं सांगायचं तर दिवा वर कुणी न्यायला लावला तेही सांगावं लागलं असतं.

पिंपं ओतायला अव्वा पुन्हा म्हणाली नाही. शब्द दिला होता ना! वाईन चांगली झाली, विकली गेली. पुढच्या वर्षापासून अप्पांनी मळ्यात चारी बाजूंनी उघडी शेड घातली. पण अव्वा खचली ती खचलीच. सोमवार कडक धरायला लागली, पाणीसुद्धा घ्यायची नाही. रोज सकाळी आज्जांच्या फोटोपुढं स्वतःचे कान धरून उभी राहायची. "चुकलं मामंजी, पदरात घ्या." माझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा मांडवात यायच्या आधी तिनं कान धरले. मी दारातून बघत होते, हिरवा चुडा भरून.

सहा वर्षांनी, अप्पा गेल्यावर, मला ते सोसेना. एका दुपारी तिला समोर बसवून सगळं सांगितलं. गॅस, कोनाडा, उंदरांची थाप, ओली पोती. ती शेंगा फोडत होती. फोडायची थांबली. मला वाटलं, आता शिव्या देईल, थोबाडीत मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"म्हंजे मामंजी तितं नव्हतंच?"

"नव्हते गं अव्वा."

तिनं हातातली शेंग तशीच खाली ठेवली. मग म्हणाली, "मग मी एवढी वर्सं माफी कुणाची मागत हुते?"

माफी मी मागायची होती. सहा वर्षं मनात घोळवलेलं वाक्य होतं माझ्याकडं. तोंड उघडलं आणि म्हणाले, "चहा टाकू का?"

"टाक," अव्वा म्हणाली.