खेकड्याच्या बिळावरून झालेलं भांडण

परवा रत्नागिरीत माझं डोकं फिरलं. अजून ताळ्यावर आलेलं नाही, म्हणून लिहितोय.

माझी नात दुर्वा तिथे विशेष मुलांच्या शाळेत जाते. पूर्णगडहून एसटीने मीच तिला नेतो-आणतो. ती बोलत जवळजवळ नाहीच... मी स्वतः चौथीत शाळा सोडलेला माणूस, मला शिकवण्यातलं काय कळणार? पण माझ्यामागे हिचं कसं होणार, या काळजीने जीव सदा टांगणीला.

तिच्या बाई चित्रांच्या गोष्टींतून वाचन शिकवतात. आठवडाभर एकच गोष्ट. सध्या खेकड्याची चालू आहे... तो वाळूत बीळ करतो, लाट येते, बीळ बुजतं, मग तो दुसरं करायला घेतो.

परवा तपासणीला एक मॅडम आल्या. ज्यांना वाचलेलं समजत नाही त्यांचं पुस्तक बंद, त्यांनी दिवसभर कागदी पिशव्या करायच्या, असं ठरलेलं. पिशव्या वाईट नाहीत हो. पण पुस्तक समोर असलं की दुर्वा स्वतःचा हात चावायची थांबते. तेच काढून घेणार?

गोष्ट वाचून झाली. मॅडमनी विचारलं, "लाट आल्यावर खेकड्याला काय वाटलं?"

दुर्वाने पानं मागे उलटली आणि लाटेच्या चित्रावर तळहात दाबून धरला. लाट बिळापर्यंत पोचू नये म्हणून!

"उत्तर नाही. पुढचा," मॅडम म्हणाल्या.

मी दारातूनच ओरडलो, "नाही कसं? सांगतेय की ती!"

"आजोबा, बाहेर थांबा. उत्तर तोंडी लागतं."

"मग मुक्या माणसाला लागलेली भूक खोटी काय?"

शेजारी उभी असलेली एका मुलाची आई माझा सदरा ओढत म्हणाली, "आबा, गप ऱ्हावा जरा. नायतर तुमालाच बसवतील पिशव्या करायला." सगळे हसले. मला हसू आलं नाही.

बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. "मॅडम, पुस्तक उचलू नका. थोडं थांबा," म्हणाल्या.

दुर्वाचा हात लहान, लाट पानभर. बोटांच्या कडेने निळं दिसतच होतं. तिने इकडे तिकडे पाहिलं, मॅडमचं मनगट धरलं आणि त्यांचा हात ओढून उरलेल्या लाटेवर ठेवला.

मॅडमनी हात काढला नाही. मग म्हणाल्या, "राहू दे हिला वाचनात."

चुकलं, असं काही म्हणाल्या नाहीत. आणि दुर्वाच्या आधी दोन मुलांना असंच 'उत्तर नाही' म्हणून बाजूला काढलं होतं. त्यांना कुणी परत विचारलं नाही... त्यांचे हात काय सांगत होते, कुणी पाहिलं?

निघताना बाईंना हात जोडले. म्हटलं, त्या दोघांचंही बघा. त्या म्हणाल्या, "सोमवारी मुख्याध्यापकांशी बोलणार आहे. येता का, आबा?"

जाणार आहे. काय बोलायचं ते आत्तापासून घोकतोय. मला बोलता येतं... ते त्या दोघांच्या कामी तरी येऊ दे.