सांगून जाणारे मेजर

मेजर कुठेही जायचे ते सांगून. जीपनं सेनगावला निघाले तर मला सांगायचे, हॉटेलातून उठले तर चहावाल्याला सांगायचे. माझ्या दुकानाचं शटर अर्धं खाली असलं तर वाकून आत ओरडायचे, "बबन, शेताकडं जाऊन राहिलो. दिवस बुडायच्या आत येतो!" मी जेवत असलो तरी "बरं मेजर" म्हटल्याशिवाय त्यांचा पाय हलायचा नाही. नवख्या माणसाला वाटायचं, म्हातारा चळला.

खरं तर ते हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. पण आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावात फौजेतून परत आलेला माणूस मेजरच होतो, ही बढती गाव देतं. नाव सुखदेव खिल्लारे. बायको वारलेली, लेक हट्टा गावात दिलेली. जीप स्टँडवरच्या माझ्या मोबाइल रिचार्जच्या दुकानासमोरच्या बाकावर त्यांची सकाळ जायची. मिशीला रोज तेल, पायात कॅनव्हासचे बूट, आणि गप्पा मात्र फौजेच्या सोडून सगळ्या.

एकदा मी वैतागून विचारलं, "मेजर, काहून सांगता हो एवढं? तुमाला कोण पळवून नेऊन राहिलं?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "फौजंत दोघा-दोघांची जोडी असते. एकमेकाला सांगितल्याबिगर संडासलाबी जायचं न्हाई. त्याला बड्डी म्हणतेत. माझा बड्डी बलवंतसिंग, गढवालचा. बर्फातल्या चौकीवर व्हतो आमी. मी त्याला म्हणलं, खालच्या खोपीतून रॉकेल आणतो. आन् वरून सगळा बर्फच आला खाली. बाकीचे भलतीकडंच खोदून राहिले. ह्यो बराबर रॉकेलच्या खोपीवर आला." मग माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "सांगून गेलेलं माणूस सापडते, बबन."

दोघांनाही फौज सोडून जमाना झाला होता, पण सांगणं सुटलं नव्हतं. रोज सकाळी बाकावरून गढवालला फोन. कान अधू, म्हणून स्पीकर सुरू. मेजर ओरडायचे, "खेत पे जा रहा हूँ. शाम तक." तिकडून खर्जातला आवाज यायचा, "ठीक है. मैं यहीं हूँ." संपला फोन. कधी बलवंत दवाखान्यात निघालेला असायचा, मग मेजर म्हणायचे, "ठीक है. मैं यहीं हूँ." दोघांचं हे बोलणं अख्ख्या जीप स्टँडला पाठ होतं, जीपवाली पोरं त्यांची नक्कलही करायची. दरसाल तिकडून अक्रोड यायचे आणि इकडून हळद जायची. अक्रोडांत माझा वाटा ठरलेला होता.

गेल्या वर्षी एका सकाळी तिकडून "ठीक है"च्या जागी आलं, "कौन?"

मेजरांनी पुन्हा सांगितलं. पुन्हा, "कौन?" मग सुनेनं फोन घेतला. म्हणाली, बाबूजी आता विसरायला लागलेत. मेजर फोनकडे बघत म्हणाले, "नेटवर्क खराब हाय." नेटवर्क चांगलं होतं, पण मी कशाला बोलू?

असं रोजच व्हायला लागलं तेव्हा त्यांनी ठरवलं, आपण जायचं. लेक नको म्हणाली, कंबर धड नाही म्हणाली. "आवाजाचं काय, आवाज बदलतो माणसाचा," ते म्हणाले. "तोंड बघितल्यावर कसा न्हाई वळखणार?" हळदीची पिशवी घेऊन ते हिंगोलीहून गाडीत बसले. आम्हा सगळ्यांना सांगून गेले.

परत आले ते सरळ बाकावर येऊन बसले. बराच वेळ बूट काढत राहिले. मग म्हणाले, "अंगणात बसून व्हता बलवंत. मला 'आप' म्हणला. चहा दिला. सून जेवायला उठा म्हणली तर उठंना. म्हणे, मेरा बड्डी आनेवाला है, उसके साथ खाऊँगा." मेजर हसले. ते हसले नसते तर बरं झालं असतं. "मी समोर बसून व्हतो, बबन. मग काय, दोघंबी वाट बघत बसलो."

"अन् निघताना?"

"सांगितलं की, जा रहा हूँ. त्यानं हात जोडले. पाव्हण्याला जोडतेत तसे."

त्यानंतर सकाळचा फोन बंद झाला, आणि सांगणंही बंद झालं. बाकावरून उठून चालायला लागायचे. मी ओरडायचो, "मेजर, कुठं?" तर मागे न बघता हात हलवायचे. वाईट वाटायचं. मग त्याचीही सवय झाली.

हळद शिजवायचे दिवस होते. बाक रिकामा दिसला तेव्हा मला वाटलं, हट्ट्याला गेले असतील. लेकीला वाटलं, गोरेगावातच आहेत. दोन्हीकडे नाहीत हे कळलं तेव्हा सेनगाव पाहिलं, हिंगोलीचा दवाखाना पाहिला. सापडले ते दुसऱ्या दिवशी, स्वतःच्याच शेतात, विहिरीमागच्या बाभळीखाली. डॉक्टर म्हणाले, वेळेत सापडले असते तर कदाचित काही करता आलं असतं.

नंबर बंद करायला म्हणून लेकीनं फोन माझ्याकडे दिला. मी तो बंद करायच्या आतच वाजला. नाव आलं, 'बड्डी'. सून बोलत होती, "अंकलजी हैं क्या? बाबूजी सुबह से एक ही बात पूछ रहे हैं, बड्डी बताके नहीं गया." मी तिला काही सांगणार, तोवर म्हाताऱ्यानं फोन हिसकावला होता.

"बड्डी? कहाँ जा रहा है?"

समोर बाक रिकामा होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "खेत पे जा रहा हूँ. शाम तक."

"ठीक है," तो निवांत झाला. "मैं यहीं हूँ."

हेच ऐकायला मेजर कंबर दुखत असताना थेट गढवालपर्यंत गेले होते. मला ते दुकानात बसल्या जागी ऐकायला मिळालं.